रुळावरच्या घामाचा हिशेब

मार्च महिना लागला की रेल्वेच्या प्रत्येक विभागात उन्हाळी बंदोबस्ताची परिपत्रके निघू लागतात. लांब वेल्डेड रुळाचे तापमान कोणी मोजायचे, ते किती चढले म्हणजे गस्त सुरू करायची, कोणत्या मर्यादेनंतर रुळाच्या कामाला हात लावायचा नाही, हे सारे नेमके ठरलेले असते. ते तसे असलेच पाहिजे. रूळ तापला की पसरतो, पसरायला जागा मिळाली नाही की वाकतो, आणि वाकलेल्या रुळावर गाडी आली तर काय होते हे आम्हा रेल्वेवाल्यांना कोणी शिकवायला नको. रूळ ज्या तापमानाला ताण काढून बसवलेला असतो, त्यापेक्षा २० अंशांनी अधिक तापला की उन्हाळी गस्त निघते, हा नियम मुकादमाला तोंडपाठ असतो.

म्हणजे रुळाला तापमापक आहे, नोंदवही आहे, जबाबदार अधिकारी आहे. पण त्याच रुळाच्या कडेने हातोडा, पाना, झेंडे आणि फटाके घेऊन चालणाऱ्या माणसाचे अंग किती तापले, त्याने सकाळपासून किती पाणी प्यायले, याची नोंद कोणत्या वहीत होते? हवेत ४५ अंश असताना रूळ ६० अंशांच्या पुढे जातो. गस्त असते ती नेमकी त्याच वेळी, जेव्हा वर्धा-बल्हारशाकडचे गावकरी दारे लोटून आत बसलेले असतात. खाली तापलेली खडी, बाजूला तापलेले लोखंड, वर सूर्य. राजस्थानात जोधपूर-जैसलमेर लाइनवरच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवशीही गाड्या धावल्याच, आणि गाड्या धावतात त्या कोणीतरी रूळ सांभाळतो म्हणून.

या वेळी आम्ही महागाई भत्ता किंवा पदोन्नती बाजूला ठेवून पाणी आणि मीठ यांवर लिहीत आहोत. काही सभासदांना विषय किरकोळ वाटेल. पाणी प्यावे हे काय युनियनने सांगायचे, असेही कोणी म्हणेल. एका विभागातल्या बैठकीत एका अधिकाऱ्याने आम्हाला जवळजवळ हेच ऐकवले होते: पाणी पिणे ही ज्याची त्याची सवय आहे, त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत विषय कशाला! आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचे पाणी आणि मीठ ही सवयीची बाब नाही. ती कामाच्या हत्यारांइतकीच कामाची गरज आहे, आणि हत्यारे पुरवणे ज्याचे काम, पाणी पुरवणेही त्याचेच काम.

आधी शरीराचा हिशेब समजून घेऊ. मेहनत केली की अंगात उष्णता तयार होते. बाहेरची हवा अंगापेक्षा गार असेल तर त्यातली बरीच उष्णता आपोआप निघून जाते. हवा अंगापेक्षा गरम झाली की तो मार्ग बंद होतो आणि घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. खडी भरणाऱ्या, स्लीपर बदलणाऱ्या माणसाला भर उन्हात तासाला लिटरभर घाम सहज येतो, काहींना त्याहून जास्त. ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगातले सव्वा लिटर पाणी भरून न निघता गेले, तरी त्याचा कामाचा जोर कमी होऊ लागतो. हृदयाला कमी रक्तावर तेच काम ओढावे लागते, नाडी धावते, लक्ष विचलित होते. लक्ष विचलित होणे ही गोष्ट ऑफिसात एखाद्या चुकलेल्या बेरजेवर भागते. रुळावर मागून गाडी येत असते.

आणि तहान? तहान उशिरा लागते, लवकर भागते. चार घोट पाणी पोटात गेले की तोंडाचा कोरडेपणा जातो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. गेलेले पाणी मात्र अर्धेही भरून आलेले नसते. म्हणून तहान लागेल तेव्हा प्यावे हा घरातला नियम उन्हातल्या कामाला चालत नाही. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, असे थोडे थोडे प्यावे लागते. दोन तास काही न पिता एकदम लोटाभर ओतून घेणे हा त्यावर उपाय नव्हे.

आता मिठाकडे येऊ, कारण आपल्या लोकांचे खरे दुर्लक्ष तिथे होते. घाम खारट असतो हे सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटतात ते मिठाचेच. एका लिटर घामातून माणसामाणसाप्रमाणे साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम मीठ जाते. सहा तास घाम गाळून माणूस नुसते साधे पाणी पीत राहिला आणि डबाही नीट खाल्ला नाही, तर अंगातले पाणी भरून येते, पण मीठ पातळ होत जाते. मग पोटऱ्यांत, मांड्यांत, कधी पोटात गोळे येतात. डोके दुखते, मळमळते. फारच जास्त साधे पाणी अल्पकाळात पोटात गेले तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून कोणत्याही परिस्थितीत तासाला दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये.

ही गोष्ट जगाला शिकवली ती कामगारांनीच, आणि तीही फार किंमत देऊन. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर बोल्डर धरणाचे काम १९३१ साली सुरू झाले. पुढे तेच हूवर धरण म्हणून प्रसिद्धीस आले. पहिल्याच उन्हाळ्यात, जून-जुलैच्या भट्टीत, डझनाहून अधिक माणसे उष्माघाताने गेली. ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत मजुरी होतीच, पण प्यायला स्वच्छ पाणी, कामावर बर्फाचे पाणी आणि धड संडास याही मागण्या होत्या. संप मोडला गेला. मात्र त्यानंतर राहण्याच्या आणि पाण्याच्या सोयी सुधारल्या, आणि पुढच्या, १९३२ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ तेथे तपासणीला आले. गोळे येऊन पडणाऱ्या कामगारांच्या अंगात मीठ कमी पडते, हे त्यांनी तपासून दाखवले. भोजनगृहात भरपूर पाणी पिण्याची डॉक्टरी सूचना आधीच टांगलेली होती; तिच्या खाली जेवणात मीठ भरपूर घ्या ही ओळ त्यानंतर आली. त्याच्याही आधी, १९२३ साली, इंग्लंडमधल्या खोल आणि गरम कोळसा खाणींत मॉस नावाच्या संशोधकाने खाणकामगारांच्या गोळ्यांचे हेच कारण दाखवले होते.

मिठाबरोबर साखर का, याचे उत्तर आपल्याच देशात रुग्णांच्या रांगांमध्ये सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मोजून केलेले मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. यामागचे इंगित सोपे आहे. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि साखर जोडीने आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. आज ओआरएस म्हणून मिळणारे पाकीट हे त्याच पिंपाचे सुधारलेले रूप. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आमच्या मते हा माणूस प्रत्येक कामगाराला नावाने माहीत असायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे एकूण २०.५ ग्रॅम पडते. मोठे पाकीट एका लिटरसाठी असते, छोटे २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर वाचूनच पाणी घ्यावे. अर्धे पाकीट बाटलीत आणि अर्धे खिशात हा प्रकार नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा, छोटा. हे प्रमाण मुळात जुलाबाच्या रुग्णासाठी आहे. उन्हात काम करणाऱ्या निरोगी माणसाने दिवसभराच्या पाण्यापैकी एखाद-दोन लिटर असे घ्यावे आणि बाकी साधे पाणी, तेवढे पुरते. बाटलीतले उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये.

खरे सांगायचे तर आपल्या आजीला हे सूत्राशिवाय माहीत होते. मीठ-जिरे घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, कोकणात कोकमचे सरबत, सोलापूरकडे ज्वारीची आंबील, या साऱ्यांत पाणी आहे, मीठ आहे आणि थोडेफार पिष्ट किंवा साखरही आहे. डब्यातली भाकरी, ठेचा, लोणचे हे मिठाचे मोठे साठे आहेत, म्हणून उन्हाने भूक गेली तरी दुपारचा डबा सोडू नये. नारळपाणी चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. घामात जाते ते मुख्यतः सोडियम. चिमूटभर मीठ टाकून प्यावे. चहा वर्ज्य नाही. दारू मात्र आदल्या रात्रीची असली तरी दुसऱ्या दिवशी उन्हात दगा देते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असे मानणारे पुष्कळ आहेत. कांदा खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीबरोबर खावा, निदान पोटात तरी जाईल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी जादा मीठ, आणि मधुमेह्यांनी साखरेचे पाणी, रेल्वेच्या दवाखान्यात विचारूनच घ्यावे. पन्नाशीच्या पुढचे आपले कितीतरी ट्रॅकमन या गोळ्या घेतात. काही गोळ्या लघवी वाढवतात आणि पाणी आणखी कमी करतात, हेही डॉक्टरांना विचारावे. मिठाच्या नुसत्या गोळ्या गिळू नयेत. दुसरी गोष्ट दुकानातल्या मालाची. ओआरएस ही अक्षरे छापलेली गोड पेये अनेक वर्षे औषधाच्या दुकानांत विकली गेली. त्यांत साखर सूत्राच्या कितीतरी पट आणि मीठ थोडे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. शाखेने किंवा प्रशासनाने पाकिटे खरेदी करताना त्यावरचे प्रमाण वाचावे. खोक्यावरच्या नारळ-संत्र्याच्या चित्राला भुलू नये.

आता मुंबई-कोकणच्या बांधवांविषयी. आमच्याकडे कुठे ४५ अंश होतात, असे ते म्हणतात. पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि वाहून गेलेला घाम अंग गार करत नाही. पाणीही जाते, मीठही जाते, उष्णता मात्र आतच राहते. नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या सरकारी समारंभात १४ जणांचा उन्हाने मृत्यू झाला. ती माणसे काम करीत नव्हती, बसलेली होती. उपनगरी लाइनवर रविवारचा मेगाब्लॉक साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत असतो. गाड्या रद्द झाल्या म्हणून प्रवासी कपाळाला आठ्या घालतात. त्या पाच तासांत रुळावर वाकून काम करणारे कोण आहेत, इकडे कोणाची नजर जात नाही. प्रवाशांची गर्दी चुकवायला रविवार निवडला, ते समजते. पण एप्रिल-मेमध्ये तरी शक्य ते ब्लॉक रात्री किंवा पहाटे घेता येतात, आणि जे दुपारीच घ्यावे लागतात तिथे पाणी, सावली आणि अदलाबदलीला जादा माणसे दिली पाहिजेत.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे आणि ती बोलायला लोक संकोचतात. प्यायलेले पाणी बाहेर टाकायला जागा लागते. ट्रॅकवर आज स्त्रिया काम करतात, गेटवर आहेत, इंजिनात आहेत. दोन स्टेशनांच्या मध्ये किलोमीटर किलोमीटर आडोसा नाही. अशी भगिनी काय करते? ती सकाळी घरून निघतानाच पाणी कमी पिते. दिवसभर ओठ ओले करण्यापुरते घेते. परिणाम म्हणजे लघवीची जळजळ, मुतखडे, आणि पुढे मूत्रपिंडावर ताण. पुरुष लोको पायलटांचेही फारसे वेगळे नाही. जिथे इंजिनात सोय नाही आणि गाडी मध्ये थांबणार नाही, तिथे माणूस न पिण्याचाच मार्ग धरतो. चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तामिळनाडूच्या मिठागरांत जाऊन कामगारांची तपासणी केली, तिथेही हेच निघाले: प्रचंड उष्णता, हाताशी पाणी नाही, संडास नाही, आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले कामगार. जगाला मीठ पुरवणाऱ्यांची ही गत! मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोडणीचे तरुण मजूर अशाच मूत्रपिंडाच्या आजाराने मोठ्या संख्येने गेले. तिथे उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी एकत्र देण्याचे काम चालू झाले. आपल्या मराठवाड्यातल्या ऊसतोड बांधवांनीही हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणून पाण्याची मागणी करताना स्वच्छतागृहाची मागणी तिच्या जोडीला हवीच. एकीशिवाय दुसरी अर्धी आहे. १९३१ च्या त्या संपकऱ्यांनीही दोन्ही मागण्या एकत्रच केल्या होत्या.

उन्हाची सवय हाही एक मुद्दा आहे. नव्या माणसाचे शरीर उन्हाला जुळायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातले मीठ कमी होत जाते. उन्हाने होणाऱ्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा कामाच्या पहिल्या काही दिवसांतला असतो. नव्या भरतीच्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच उन्हातले काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. जुना माणूस महिनाभराच्या रजेवरून किंवा आजारातून परतला तर त्यालाही पहिल्या दिवशी निम्मेच द्यावे, अशी शास्त्रीय शिफारस आहे. आपल्याकडे उलट होते. नवीन आला, तरुण आहे, त्याला पुढे घाला! आणि ठेकेदाराने परप्रांतातून परवा आणलेला मजूर आज दुपारी खडी उपसत असतो. त्याचे नाव आपल्या सभासद यादीत नसेल. ऊन यादी पाहून लागत नाही.

कोणी पडलाच तर काय करावे हे गँगमधल्या प्रत्येकाला माहीत हवे. गोळे आले, घेरी आली, अंग घामाने थंडगार चिकट झाले, तर सावलीत निजवून पाय उंच करावे, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे, आणि त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, बेशुद्ध झाला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात आहे. घाम असो वा नसो. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाला तर मानेवर, काखेत, जांघेत ठेवावा, आणि हे चालू असतानाच १०८ ला आणि कंट्रोलला कळवावे. आधी गार करायचे, मग हलवायचे. मुकादमाने एरवीही एक साधी खूण सांगून ठेवावी: लघवी फिकट पिवळी तर ठीक, गडद पिवळी तर पाणी कमी पडते आहे, आणि चहाच्या रंगाची झाली तर काम सोडून दवाखाना.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याची तरतूद होती, आणि २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक होते. पण रेल्वेची रनिंग शेड त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली होती, आणि उघड्या लाइनवरची गँग तर कारखाना नव्हेच. ठेका कामगारांसाठी १९७० च्या कायद्याने पाणी पुरवणे ठेकेदारावर टाकले होते, आणि त्याने न दिल्यास मुख्य मालकाने द्यावे असे म्हटले होते. हे कायदे आता २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. चार संहितांविषयी कामगार चळवळीत जो वाद आहे तो येथे उगाळत नाही. पण तिच्या २३ व्या कलमात पिण्याचे पाणी आणि स्त्री, पुरुष व तृतीयपंथी कामगारांसाठी स्वच्छतागृहे यांची जबाबदारी मालकावर आहे, आणि ५३ व्या कलमाने ठेका कामगारांच्या या सोयी थेट मुख्य मालकाच्या गळ्यात घातल्या आहेत. रुळावर मुख्य मालक कोण, हे सांगायला वकील लागत नाही. हे शब्द निवेदनात कलमासह लिहावेत.

आणि निवेदनात लिटर लिहावेत. पुरेसे पाणी द्यावे असे लिहिले की पुरेसे दिले आहे असे उत्तर येते. हिशेब मांडू. १५ जणांची गँग, उन्हातले ६ तास, माणशी तासाला पाऊण लिटर: साडेसदुसष्ट लिटर पाणी झाले, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन भरूनही उरते. हे पाणी कोण वाहणार? हत्यारे घेऊन चालणाऱ्यानेच का? एकटा जाणारा कीमन स्वतःचे साडेचार लिटर पाठीवर घेऊन, त्यात हातोडा-पाना घेऊन, बीट कसा पुरा करणार? म्हणजे लाइनवर ठरावीक अंतरावर पाणी हवे, गेटमध्ये माठ आणि झाकणाचे पिंप हवे, आणि गँगबरोबर फक्त पाण्यासाठी एक माणूस हवा. रेल्वेला ही कल्पना नवीन नाही. प्रवाशांसाठी उन्हाळ्यापुरते पाणीवाले नेमण्याची स्टेशनांवरची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. डब्यातल्या माणसाला खिडकीपाशी पाणी मिळत होते ही चांगलीच गोष्ट. तो डबा ज्या रुळावर उभा आहे तो सांभाळणाऱ्यालाही ते मिळावे एवढेच आम्ही म्हणतो. ओआरएसच्या एका पाकिटाला दोन-तीन कटिंग चहाचे पैसे पडतात. एका गाडीच्या एका मिनिटाच्या खोळंब्याचा खर्च काढणाऱ्या खात्याला हा हिशेब अवघड जाऊ नये.

विश्रांतीची मागणीही जुनीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी ही मागणी होती. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. दुपारची विश्रांती रुळावर अजून मुकादमाच्या मर्जीवर आणि ब्लॉकच्या वेळेवर आहे. एप्रिल ते जून दुपारी १२ ते ४ या वेळेत तातडीचे सोडून कोणतेही काम उघड्यावर घेऊ नये, गस्तीची फेरी आखूड करून दोघांत वाटावी, आणि तासाला किमान दहा मिनिटे सावलीत बसणे हा कामाचाच भाग धरावा, असे आम्ही सुचवतो. झाड नसेल तिथे ताडपत्री आणि चार बांबू पुरतात.

शाखांनी आता पुढील माहिती गोळा करावी. आपल्या हद्दीत किती गँगा, प्रत्येकीत आज प्रत्यक्ष हजर माणसे किती आणि त्यांत स्त्रिया किती. बीटवर पिण्याच्या पाण्याची शेवटची जागा कोणत्या किलोमीटरला, तिथे उन्हाळ्यात पाणी असते का, नळाचे की टँकरचे. स्वच्छतागृह कोठे आहे आणि त्याला कुलूप असते का. प्रथमोपचार पेटीत ओआरएस आहे का आणि त्यावरची मुदत काय. ठेकेदाराची किती माणसे कोणत्या कामावर आहेत. मागच्या उन्हाळ्यात कोणी चक्कर येऊन पडला असेल तर तारीख, वेळ आणि तो कोणते काम करीत होता ते लिहावे. दवाखान्याच्या कागदावर उन्हाचा उल्लेख नसला तरी लिहावे. गँगहट आणि गेटवर जाऊन विचारावे, स्टेशनमास्तरच्या खोलीत बसून फॉर्म भरू नये. माहिती फेब्रुवारीअखेर विभागीय कार्यालयात पोचली तर मार्चच्या बैठकीत ती कार्यक्रमपत्रिकेवर घेता येईल. फॉर्मवर किलोमीटरचा आकडा आणि मुकादमाची सही घालायला विसरू नये. आकड्याशिवाय आलेली तक्रार बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवली जाते.